पाण्याचा ठाव आणि नावेचा वेग

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. मुंबईच्या भाच्याने त्याची सतरा फुटी, फायबरची शिडाची नाव मला दिली आणि ट्रकवर घालून गावात आणून पोचवली. नावेच्या मधोमध खाली-वर होणारी फळी आहे. केबिनच्या भिंतीवर दोन गोल यंत्रं आहेत. वेगाच्या यंत्राचा काटा हलत नाही. खोलीच्या यंत्राची काच उन्हाने काळी पडली आहे, आकडे दिसत नाहीत. दोन्हींचे सेन्सर बुडात आहेत. मुंबईच्या एका दुकानदाराने वेग, खोली, तापमान सगळं एकत्र दाखवणारा नवा संच सुचवला, पण त्याचं बिल पाहून हात आखडला. जुने सेन्सर नव्या यंत्राला चालतील का? सगळंच बदलायला हवं का? बुडाला आणखी भोक पाडायची भीती वाटते, कारण नावेत नातवंडं बसणार आहेत.
– एक वाचक, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : गुरुजी, नमस्कार. पत्रासोबत बुडाचे आणि केबिनचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत, अर्धं काम तिथेच झालं. मी सव्वीस वर्षं मुंबईच्या गोदीत विजेच्या कामावर होतो. निवृत्त झालो आणि वैनगंगेच्या काठी घरी परत आलो. गोदीत असे सेन्सर किती काढले, किती बसवले, त्याची मोजदाद नाही. पण तिथे शिकलेलं सगळंच इथल्या पाण्यात लागू पडत नाही, हे मला फुगवट्यात नाव घातल्यावर कळलं. म्हणून सरळ सांगतो. वेगाच्या यंत्रावर एक रुपयाही घालू नका. खोलीचं यंत्र नवं घ्या, साधं घ्या, आणि बुडाला भोक न पाडता आतून बसवा.

वेगाचं आधी उरकतो. बुडाखाली जो काळा दांडा दिसतो, त्याच्या टोकाला रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं चाक आहे. त्याच्या पात्यांत चुंबक असतात. नाव पुढे सरकली की पाणी चाकाला फिरवतं आणि आतला सेन्सर चुंबकाचे ठोके मोजतो. अशी पुष्कळ चाकं एका सागरी मैलाला, म्हणजे १,८५२ मीटरला, वीस हजारांच्या आसपास ठोके देतात. यातून कळतो तो पाण्यातून कापलेला वेग. मुंबईच्या बंदरात त्याला किंमत आहे. तिथे मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि उतरतं, त्याचा ओढा नावेला सोबत ओढून नेतो. पाण्यातून चार नॉट, म्हणजे तासाला चार सागरी मैल, चालणारी नाव समोरून दीड नॉट ओढा असला तर जमिनीच्या हिशेबाने अडीचच नॉट पुढे जाते. दोन्ही आकडे हाताशी असले की खलाशाला ओढ्याचा अंदाज येतो. आपल्या फुगवट्यात पुराचे दिवस सोडले तर पाणी उभंच असतं. तिथे पाण्यातला वेग आणि जमिनीवरचा वेग यांत फरक उरत नाही, आणि जमिनीवरचा वेग तुमच्या खिशातला मोबाईल जीपीएसवरून दाखवतो.

शिवाय ते चाक इथे नीट फिरतच नाही. शेवाळ, पाण्यातलं गवत, बेशरमाच्या कुजक्या काड्यांचे तंतू, काही ना काही त्यात गुंततंच. एक-दीड नॉटच्या खाली तर चाक स्वच्छ असलं तरी अडखळतं, आणि आपल्याकडे हिवाळ्यात बहुतेक दिवस वाऱ्यावर नाव तेवढीच चालते. साफ करायचं म्हणजे नाव पाण्यात असतानाच आतून दांडा उपसायचा आणि पटकन त्याजागी बुच घालायचं. ते भोक ५१ मिलिमीटरचं असतं. पाण्याखाली एक फूट असलं तर त्यातून सेकंदाला जवळपास तीन लिटर पाणी आत येतं, म्हणजे पाच सेकंदांत एक बादली. गोदीत आम्ही हे रोज करायचो, हात बसलेला होता. काही फिटिंगमध्ये दांडा काढल्यावर आपोआप मिटणारी झडप असते, पण तुमची जुनी आहे आणि फोटोत मला ती दिसत नाही. नातवंडं नावेत असताना हे काम मला नको वाटतं.

आता खोलीकडे येतो.

बुडातल्या त्या सेन्सरमध्ये चिनी मातीसारख्या भाजलेल्या पदार्थाची एक चकती असते. विजेचा झटका दिला की ती थरथरते. आपल्यासारख्या उथळ पाण्यासाठीच्या यंत्रांत ही थरथर बहुधा सेकंदाला दोन लाख वेळा, म्हणजे २०० किलोहर्ट्‌झची असते. हा आवाज तळाला आपटून परत येतो आणि तीच चकती तो ऐकते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे तीन मीटर खोलीवरून परत यायला त्याला सेकंदाच्या हजार भागांतले चार भाग लागतात. पाणी गार असलं की आवाज किंचित सावकाश जातो, गरम असलं की किंचित लवकर. मला एकाने विचारलं होतं की जानेवारीत आणि मे महिन्यात वेगळा हिशेब धरायचा का. गरज नाही. तीन मीटरला फरक पडतो तो पाच-सहा सेंटिमीटरचा, तेवढं पाणी वाऱ्याच्या लाटेनेच हलतं.

दुकानदाराला हो म्हणण्याआधी जुन्या सेन्सरची नाडी पाहा. काच काळी पडली म्हणजे यंत्र मेलं असं नाही. बॅटरी जोडा, सेन्सर सोडवून कानाशी धरा. चालू असेल तर बऱ्याचदा बारीक टक्‌-टक्‌ ऐकू येते. बादलीत बुडवून पाहू नका. खोली फारच कमी असली की परत आलेला आवाज ओळखता येत नाही, आणि चांगलं यंत्रसुद्धा वेडेवाकडे आकडे दाखवतं. तुमच्या शेतात विहीर असेलच. दोरीला बांधून सेन्सर विहिरीच्या मधोमध, तोंड सरळ खाली ठेवून, पाण्यात एक वीत बुडेल असा सोडा. दुसऱ्या दोरीला किलोचं वजन बांधून तळापर्यंत टाका आणि भिजलेली दोरी मोजा. काळ्या काचेतून आकडा जेमतेम वाचता आला तर त्याच्याशी ताडून बघा. विहिरीसारखी परीक्षेची जागा नाही. पाणी शांत, तळ कडक, आणि खोली तुमच्या हाताने मोजलेली. फक्त सेन्सर कडेला नेऊ नका, बांधकामाच्या भिंतीवरून आवाज उलटतो.

जुना सेन्सर जिवंत निघाला तरी तो नव्या यंत्राला जोडता येईलच असं नाही. दोघांचे किलोहर्ट्‌झ जुळायला हवेत, प्लग जुळायला हवा, आणि ते जुळले तरी आतली विद्युत जोडणी वेगळी निघते. वीस वर्षांपूर्वीचा सेन्सर आणि आजचं यंत्र ही जोडी क्वचितच जुळते. यंत्र घेताना त्याच्यासोबतचाच सेन्सर घ्या. आणि त्याची वायर कापू नका. हे मी तरुणपणी स्वतः केलं आहे. वायर एका अरुंद भोकातून जाईना म्हणून मी प्लगच्या मागे ती कापली, पलीकडून पुन्हा जोडली, वर डाग दिला, टेप गुंडाळली. बाहेरून काम देखणं होतं. नाव पाण्यात उतरली आणि यंत्र सहा मीटर, चाळीस मीटर, दोन मीटर असं काहीही सांगू लागलं. त्या वायरभोवती जाळीचं आवरण असतं, ते बाहेरची विजेची खळखळ अडवतं, आणि माझ्या जोडात ते तुटलं होतं. मला सगळी वायर नव्याने ओढावी लागली. भोक लहान असेल तर भोक मोठं करा. वायर जास्त झाली तर इंग्रजी आठाच्या आकारात सैल गुंडाळून ठेवा.

आतून बसवण्याचं आता सविस्तर सांगतो, कारण तुमच्या भीतीवर खरा उपाय हाच आहे. भरीव फायबरमधून आवाज आरपार जातो. मधे फोम किंवा हलकं लाकूड भरलेलं असेल तर जात नाही, कारण त्यात हवा असते आणि हवेशी आवाज थबकतो. तुमचं बूड भरीव आहे की पोकळ भरणाचं, हे कळायला लोकांना टकटक करून अंदाज बांधावा लागतो. तुमच्याकडे मात्र दोन जुनी भोकं आहेत. जुनी फिटिंग काढा आणि भोकाची कड बघा. कापलेल्या भाकरीची कड दिसावी तशी बुडाची जाडी दिसेल. अथपासून इतिपर्यंत हिरवट, काचेच्या धाग्यांचं एकच अंग दिसलं तर भरीव. मधे पिवळा फोम किंवा लाकडाचा थर दिसला तर मला पुन्हा लिहा, मग वेगळा विचार करू.

जागा निवडा ती फळीच्या पेटीच्या पुढे, बुडाच्या सगळ्यात खालच्या भागात, जिथे बाहेरून पाणी गुळगुळीत वाहतं. फळीच्या मागे पाण्यात फेस आणि बुडबुडे होतात, तिथे नको. जागा ठरली तरी लगेच चिकटवू नका. पॉलिथिनच्या पिशवीत अर्धं पाणी भरा, त्यात सेन्सर ठेवा, पिशवी बुडाला आतून दाबून धरा आणि नाव पाण्यात असताना आकडा येतो का बघा. अर्थात जुनी भोकं आधी बुजवून, ते कसं ते पुढे सांगतो. चार ठिकाणी करून बघा. जिथे आकडा स्थिर राहतो आणि वजनाच्या दोरीशी जुळतो, ती जागा पेन्सिलने आखा.

मग बोअरवेलच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप शोधा. त्याचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि बुडाच्या उतारावर चपखल बसेल असं त्याचं खालचं तोंड तिरकं कापा. म्हणजे बूड तिरकं असलं तरी पाइप उभा राहील आणि सेन्सर सरळ खाली बघेल. बूड आणि पाइप दोन्ही खरवडा, इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या पक्क्या गोंदाने, पाइप चिकटवा. सुकल्यावर त्यात एरंडेल ओता. हो, एरंडेलच, किराण्याच्या दुकानातलं. आवाज एरंडेलातून जवळपास पाण्याच्याच वेगाने जातो, ते वाळत नाही, कुजत नाही आणि फायबरला खात नाही. अर्धा-पाऊण लिटर लागेल. सेन्सर त्यात बुडवा, तोंडाखाली अडकलेले बुडबुडे बोटाने काढा आणि वर वायरपुरतं भोक ठेवून झाकण घट्ट बसवा. शिडाची नाव वाऱ्याने कलते, झाकण सैल राहिलं तर सगळं तेल बुडात पसरेल. फायबरमधून जाताना आवाजाचा बराच जोर जातो हे खरं. फार खोल समुद्रात तो तोटा जाणवतो. आपल्याला दहा-पंधरा मीटर बघायचं आहे, तेवढा जोर पुरून उरतो.

उरली ती दोन जुनी भोकं. बुच मारून ठेवू नका, कायमची बुजवा. बाहेरच्या बाजूने भोकाची कड घासून पसरट उतार करा. जाडीच्या बारा पट रुंद, म्हणजे बूड सहा मिलिमीटर असेल तर सगळीकडून सात सेंटिमीटरचा उतार. त्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत काचेच्या कापडाचे गोल तुकडे इपॉक्सीत भिजवून थर द्या. सिलिकॉन भरून वरून रंग मारणारे पुष्कळ कारागीर भेटतील, त्यांना नाव देऊ नका. सिलिकॉन पाण्याखाली धरून राहत नाही, आणि एकदा लावलं की त्या जागी पुढे इपॉक्सीसुद्धा चिकटत नाही. आणि वेळ सांभाळा. एप्रिलच्या आपल्या दुपारी इपॉक्सी कालवलीत तर कापडाला लागायच्या आधी वाटीतच तापून तिचा दगड होईल, धूरसुद्धा सुटेल. सावकाश घट्ट होणारं हार्डनर, म्हणजे इपॉक्सीत कालवायचा दुसरा भाग, मागून घ्या, थोडी-थोडी पसरट ताटलीत कालवा, आणि हे काम पहाटे, गोठ्याच्या सावलीत करा.

विजेचं थोडक्यात. साधं खोलीचं यंत्र इतकी कमी वीज खातं की फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी त्याला दिवसभर पुरते. बॅटरीजवळच एक अँपिअरचा फ्यूज घाला. दुकानदार जे नेटवर्क सांगतो, एनएमईए २०००, ते खोटं नाही. एकाच केबलवर सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात, केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो, मोठ्या नावेवर सोय चांगली होते. तुमच्या नावेत बोलायला एकच यंत्र आहे. त्याला केबलची गरज नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते. यंत्र बसल्यावर पहिल्या दिवशी पडद्यावर समजा ३.१ येईल. हे तीन मीटर दहा सेंटिमीटर कुठून? पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही. सेन्सरपासून, आणि सेन्सर पाण्याच्या पातळीखाली वीत-दीड वीत आहे. बहुतेक यंत्रांत हा फरक भरायची सोय असते. काही जण उणे आकडा भरून फळीच्या टोकाखाली किती पाणी उरलं ते दाखवायला लावतात. समुद्रावरच्या स्थिर कण्याच्या, म्हणजे बुडाखालची फळी कायमची पक्की असलेल्या, नावेला ते सोयीचं. तुमची फळी खाली असली तर नावेला १.२ मीटर पाणी लागतं आणि वर घेतली तर फूटभर. टोकच जागा बदलतं, तर त्यापासून काय मोजणार? तुम्ही अधिक आकडा भरा, म्हणजे पडदा पृष्ठभागापासूनची खोली दाखवेल. बांबू टाकला, दोरी टाकली, यंत्र बघितलं, तिन्ही एकच भाषा बोलतील. धोक्याची घंटा दोन मीटरवर लावा.

पहिल्या आठवड्यात बांबू सोबत ठेवाच. काही ठिकाणी यंत्र २.४ सांगेल आणि बांबू २.९ पर्यंत जाईल. यंत्र बिघडलं असं समजू नका. नदीने आणलेला लोण्यासारखा गाळ तिथे बसला आहे. २०० किलोहर्ट्‌झचा आवाज गाळाच्या वरच्या साईवरूनच परत येतो आणि बांबू त्यात रुततो. नाव अडकते ती गाळात, म्हणून अशा जागी मी यंत्राचा आकडा धरतो.

पण धरणातली खोली आज एक असते आणि उन्हाळ्यात दुसरी. समुद्राची भरती-ओहोटी बारा तासांत आटोपते, धरणाची ओहोटी ऑक्टोबरपासून जूनपर्यंत चालते. म्हणून नुसती खोली लिहून ठेवू नका. जलसंपदा विभाग धरणाची रोजची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये जाहीर करतो. गोसीखुर्द पूर्ण भरलं की ती २४५.५० असते. समजा एखाद्या दिवशी पातळी २४४.३० आहे आणि जुन्या आंबराईच्या जागी यंत्र ३.४ दाखवतं. वजा करा : तिथला तळ २४०.९०. हा आकडा वहीत लिहा, तळ वर्षानुवर्षं जागचा फारसा हलत नाही. एप्रिलमध्ये पातळी २४२.१० झाली की घरी बसूनच कळेल की तिथे आता १.२० मीटर पाणी आहे आणि तुमची फळी घासणार. मी चार वर्षांपासून अशी दोनशे पानी वही भरतो आहे. गुरुजी, हे काम तुमच्या नातवंडांना द्या. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने मोबाईलवर जागा बघायची, तिसऱ्याने लिहायचं. वजाबाकीची इतकी चांगली उदाहरणं पुस्तकात नसतात.

आणि एक गोष्ट, जी मला फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी कळली. मी एकटाच होतो, वारा पश्चिमेचा, नाव तीन नॉटनी मजेत चाललेली. पडद्यावर ३.५, ३.४, ३.४. तळ सपाट, बुडालेली धानाची शेतं. मी शीड बघायला मान वर केली तेवढ्यात खाली ठाप्पकन आवाज आला, फळी तिच्या पेटीत वर उसळली आणि दोरी माझ्या हातातून सुटली. पडद्याकडे बघितलं तर ०.७. पुढच्या क्षणी पुन्हा ३.४. जणू काही झालंच नाही. फळी खिळ्यावर फिरून वर गेली म्हणून वाचलो, स्थिर कणा असता तर बूड उकललं असतं. नाव वळवून परत येताना जाळी काढणारे एक म्हातारे काका भेटले. त्यांना जागा दाखवली. ते म्हणाले, "पंपघराची भित हाये ना थे. इटाची. तुमचं यंत्र पायाखालचं सांगते बावा, समोरचं कोन सांगन?"

त्यांनी मला तिथेच बसून आणखी तीन जागा सांगितल्या : एक विहिरीचा कठडा, एक चिंचेचा बुंधा, एक जुन्या रस्त्याची मोरी. हे यंत्र सरळ खाली बघतं. तीन-साडेतीन मीटर खोलीला त्याला तळाचा जेमतेम मीटर-सव्वा मीटरचा गोल दिसतो. तीन नॉटला नाव सेकंदाला दीड मीटर पुढे जाते. म्हणजे भिंत पडद्यावर दिसेपर्यंत तुम्ही भिंतीवर असता. पुष्कळ यंत्रं आकडा स्थिर दिसावा म्हणून मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात कमी करा. उनाड आकडे थोडे दिसतील, ते चालेल.

म्हणून नाव पाण्यात घालण्याआधी दोन संध्याकाळी तुमच्या घाटावरच्या मासेमारांसोबत बसा. गाव उठायच्या आधी कुठे काय होतं, हे त्यांना आणि तुमच्या वयाच्या विस्थापित शेतकऱ्यांना तोंडपाठ असतं. तेही वहीत उतरवा. आणि पाण्यावर रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांची ओळ दिसली की तिच्या खाली जाळं आहे. फळी वर घेऊन लांबून वळसा घाला. ते जाळं त्यांची रोजी आहे.

प्रश्न : आमच्या लाकडी डोंग्यात मासे शोधायचं छोटं यंत्र आतून इपॉक्सीने चिकटवलं. आकडाच येत नाही. यंत्र खराब निघालं का?
– एक मासेमार युवक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : भाऊ, यंत्र बहुधा चांगलं आहे. लाकडाच्या रंध्रांत हवा असते, आवाज फळीतच मुरतो. वर गुरुजींना आतून बसवायला सांगितलं ते फक्त भरीव फायबरसाठी, लाकडाला नाही आणि पत्र्यालाही नाही. सेन्सर जपून काढा. सागाची एक बोटभर जाड पट्टी घ्या, तिच्या टोकाला सेन्सर स्क्रूने बसवा आणि पट्टी डोंग्याच्या बाजूला बिजागरीवर लावा. सेन्सर पाण्यात वीतभर बुडाला पाहिजे, तोंड सरळ खाली. किनाऱ्याला येताना पट्टी वर उचलून घ्यायची. वल्ही मारता ती बाजू टाळा, वल्ह्याचे बुडबुडे सेन्सरखाली आले की पडदा भरून जातो आणि तुम्हाला ते मासे वाटतात.

प्रश्न : अप्पर वर्धाच्या जलाशयावर मित्राच्या नावेत बसलो होतो. नावेचं वेगाचं यंत्र ४ दाखवत होतं आणि माझा मोबाईल साडेसात. कोणावर विश्वास ठेवायचा?
– एक वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : दोघांवरही. नावेचं यंत्र नॉटमध्ये बोलतं आणि मोबाईल ताशी किलोमीटरमध्ये. एक नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर, चार नॉट म्हणजे ७.४. मित्राला सांगा की त्याचं चाक फार छान चाललं आहे. कधी यंत्रावर ४ आणि मोबाईलवर ९ आलं तर चाकात गवत अडकलं आहे असं समजायचं, नाव काठाला घेऊन चाक स्वच्छ करायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा.